आधी उतार, मग चढ: पचमढीच्या धबधब्यांचा एक दिवस कसा आखला

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठी रोज सकाळी फिरायला येणाऱ्या तेरा जणांनी ठरवलं की यंदा एखाद्या राष्ट्रीय उद्यानातल्या धबधब्यापर्यंत पायी जाऊन यायचं, आणि तेही एका दिवसात. सर्वांत धाकटा चौदा वर्षांचा, सर्वांत मोठे काका अडुसष्टचे, बँकेतून निवृत्त झालेले. मधे उजवा गुडघा कुरकुरणाऱ्या एक शाळेतल्या बाई, इंजिनीअरिंगची तीन मुलं, आणि बाकीचे चाळिशी-पन्नाशीतले. सगळे रोज पाच-सहा किलोमीटर चालणारे, त्यामुळे जमेल की नाही हा प्रश्न कोणाच्या मनातच नव्हता. आराखडा त्यांनीच केला होता. तो तपासायला माझ्याकडे आला आणि पुढे मीही त्यांच्याबरोबर गेले.

आराखडा असा: पहाटे तीनला नागपूर सोडायचं, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत नऊला मध्य प्रदेशातली पचमढी. दिवसभरात तीन धबधबे. संध्याकाळी धूपगडाच्या शिखरावरून सूर्यास्त. मग जेवून निघायचं आणि मध्यरात्रीनंतर आपापल्या घरी. गाडी एक, चालवणारा एक.

कागदावर हे सगळं बसत होतं. किलोमीटर मोजले होते, पेट्रोलपंप मोजले होते, तर्री पोहे कुठे खायचे तेही लिहिलं होतं. मोजला नव्हता तो फक्त चढ.

जागा पचमढीच का

जवळची नावं आधी निघाली होतीच. पेंच आणि ताडोबा नागपूरकराला घरच्यासारखे, पण तिथल्या गाभा क्षेत्रात पर्यटक जिप्सीतून फिरतो. खाली उतरून पायी हिंडायला परवानगी नसते. शिवाय पावसाळ्याचे जुलै ते सप्टेंबर हे महिने सफारी बंद. म्हणजे धबधबा भरात असतो तेव्हा जंगलाचं दार लागलेलं असतं, आणि दार उघडतं तेव्हा पाणी ओसरायला लागलेलं असतं. धबधब्यासाठी राष्ट्रीय उद्यान निवडणाऱ्या प्रत्येकाला हा पेच पडतो.

चिखलदऱ्याचं नाव जोरात होतं. मेळघाट जवळ, भीमकुंड आहे, आणि विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून पहिला मान त्याचाच. पण गट निघणार होता कोजागरी आणि दिवाळी यांच्या मधल्या शनिवार-रविवारी. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे नागपुरातून निघणंच अवघड, आणि जोडून सुट्ट्या आल्या की सगळी थंड ठिकाणं भरून वाहतात, म्हणून हा मधला आठवडा मीच सुचवला. त्या दिवसांत चिखलदऱ्याचे धबधबे बारीक झालेले असतात. गाविलगडची डोंगररांग बेसॉल्टची, म्हणजे कठीण काळ्या पाषाणाची. पाऊस थांबला की पाणी भराभर वाहून जातं आणि कड्यावर ओघळ उरतात.

पचमढी वालुकाश्मावर बसली आहे. हा खडक गोंडवन काळातला, सच्छिद्र. पावसाळ्यात पाणी पितो आणि पुढचे कित्येक महिने झऱ्यांतून थोडं थोडं सोडतो. त्यामुळे जमुना प्रपात, ज्याला सगळे बी फॉल म्हणतात, हिवाळ्यातही कोरडा पडत नाही. पचमढीला पिण्याचं पाणीही त्याच प्रवाहाचं. ऑक्टोबरच्या शेवटी जायचं तर खडक बघून जागा निवडावी, फोटो बघून नाही. नेटवरचा फोटो कुठल्या महिन्यातला आहे हे कोणी लिहीत नाही.

भोवतीचं जंगल म्हणजे सातपुडा राष्ट्रीय उद्यान, 1981 साली घोषित झालेलं, सुमारे सव्वापाचशे चौरस किलोमीटरचं. बोरी आणि पचमढी ही दोन अभयारण्यं धरून व्याघ्र प्रकल्प होतो. इथे मात्र ठरलेल्या पायवाटांवरून चालता येतं, आणि हाच मुद्दा निर्णायक ठरला. नागपूरशी नातंही जुनं. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना इंग्रज साहेबांचा उन्हाळा पचमढीत जायचा. आणि आपली माणसं श्रावणात नागपंचमीच्या आगेमागे नागद्वारच्या यात्रेला तिथेच जातात. तेरातल्या चौघांनी ती यात्रा केलेली होती. त्यांना वाट, चिखल, गर्दी सगळं ठाऊक होतं; त्यामुळे पचमढीचं नाव निघताच वाद मिटला.

किलोमीटर आणि चढ

काकांचा पहिलाच प्रश्न होता, "काऊन जी ताई, दोन-तीन किलोमीटरचं तं चालणं आहे. त्याले आख्खा दिवस कायले पाहिजे?"

प्रश्न बरोबर होता, कारण अंबाझरीला दोन-तीन किलोमीटर म्हणजे अर्धा तास. पण अंबाझरीची वाट सपाट आहे आणि बी फॉलला शेकडो पायऱ्या उतरून जावं लागतं. डोंगरावर किंवा किल्ल्यावर जाताना आधी चढ असतो. दम लागला की माणूस थांबतो, पाणी पितो, फारच झालं तर तिथूनच मागे वळतो, आणि परतीला उतार असतो. धबधब्याचं गणित उलटं. पाणी दरीत पडतं, म्हणून आधी उतार. ताज्या पायांनी, गप्पा मारत, फोटो काढत माणूस खाली पोचतो. दमल्याची सूचना शरीर देतच नाही. खाली पोचल्यावर मग कळतं की जेवढं उतरलो तेवढं आता चढायचं आहे, ऊन डोक्यावर आलेलं आहे, आणि मधे सोडून देण्याची सोय नाही. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असताना वजन पेलतात, त्यामुळे पाय लटपटतात ते नेमके चढ सुरू होण्याच्या आधी.

वेळ काढायला नेस्मिथचा नियम वापरला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो 1892 मध्ये मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. समजा दीड किलोमीटर वाट आणि दीडशे मीटर चढ असेल, तर अठरा अधिक पंधरा, म्हणजे तेहतीस मिनिटं. हा हिशेब तंदुरुस्त, न थांबणाऱ्या माणसाचा. मिश्र वयाच्या गटासाठी मी तो दुप्पट धरते आणि वर फोटोंचा वेळ टाकते. गटाने मात्र चढ आणि उतार एकाच वेगाने धरले होते.

सांगून कोणाला पटत नव्हतं. काका म्हणाले, "रामटेकच्या पायऱ्या तं आपण बोलता बोलता चढतो." मग रामटेकलाच जायचं ठरवलं, पण उलट्या बाजूनं. गाडी गडावर न्यायची, मंदिराकडून अंबाळा तलावापर्यंत पायऱ्या उतरायच्या, खाली तळ्याकाठी अर्धा तास बसायचं आणि मग चढायचं. नेहमी अंबाळ्याकडून चढून येणाऱ्यांनाही हे वेगळं गेलं. बसून उठल्यावर पहिल्याच टप्प्यात बाईंचा गुडघा बोलायला लागला. पोरं पुढे निघून गेली, काका मधेच दोनदा थांबले, आणि पहिला व शेवटचा माणूस यांच्यात इतकं अंतर पडलं की एकमेकांना दिसेनात. उतरायला लागलेल्या वेळेच्या दुपटीहून जास्त वेळ चढायला लागला. गाडीत बसताना धूपगडाचा सूर्यास्त काकांनी स्वतःच आराखड्यातून खोडला.

धूपगड गेला तसा तिसरा धबधबाही गेला, आणि रात्रीचा परतीचा प्रवासही. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, त्यात तामियाचा घाट. दिवसभर दरीखोरीत फिरलेल्या माणसांना घेऊन एकाच चालकाने तो अंधारात उतरायचा, ही मला सगळ्या आराखड्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट वाटत होती. अस्वल आणि बिबट्याची भीती सगळ्यांनी बोलून दाखवली, झोपेची कोणीच नाही. शेवटी ठरलं ते असं: शुक्रवारी दुपारी निघायचं, शनिवार पूर्ण चालण्याचा, रविवारी सकाळी परत. एका दिवसाच्या पायपिटीला दोन रात्री लागल्या. खर्च वाढला, त्यावर कुरकुर झाली, ती रास्तच होती.

खालून निघायची वेळ

नव्या आराखड्यात पहिल्या ओळीत सुटण्याची वेळ नव्हती. पहिली ओळ होती: बी फॉलच्या पायथ्यापासून पावणेअकराला निघायचं. काहीही झालं तरी. तिथून मागे मागे येत बाकीच्या वेळा भरल्या. खाली एक तास बसायचं तर पावणेदहाला खाली पोचायला हवं, म्हणजे नवाच्या सुमारास पायऱ्यांच्या तोंडाशी, त्याआधी जिप्सी, त्याआधी तिकीट, त्याआधी नाश्ता. उशीर झालाच तर तो खालच्या बसण्यातून कापायचा, निघण्याची वेळ पुढे ढकलायची नाही. ऑक्टोबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, आणि दरीत त्याच्या बऱ्याच आधी सावली पडते.

दोन धबधब्यांचा क्रमही याच हिशेबाने लावला. बी फॉल जास्त खोल, म्हणून सकाळी, पाय ताजे असताना आणि गर्दी वाढण्याआधी. अप्सरा विहार दुपारी. पांडव गुंफांच्या बाजूने जाणारी ती वाट सौम्य आहे, डोह उथळ आहे आणि परतीचा चढ थोडका. तिथून पुढे दगडांतून थोडं चढून गेलं की रजत प्रपात समोरून दिसतो.

रजत प्रपाताच्या उंचीबद्दल एक सांगून टाकते. काही ठिकाणी ती 2800 फूट छापलेली सापडते आणि पोरांनी तीच पाठ केली होती. पचमढी स्वतःच समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या आसपास आहे. एवढी मोठी उडी घेतली तर ते पाणी सातपुडा सोडून थेट नर्मदेच्या मैदानात उतरेल. खरी उंची साडेतीनशे फुटांच्या घरात आहे आणि तीही काही कमी नाही.

भिजण्याचा प्रश्न पोरांनी उचलला. धबधब्याला जाऊन कोरडं यायचं तर घरी नळाखाली काय वाईट, असा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य होतं, म्हणून बंदी घातली नाही. भिजायचं अप्सरा विहारला, शेवटी. बी फॉलला फक्त काठाशी पाय बुडवायचे. पडत्या धारेखाली उभं राहायचं नाही, कारण पाण्याबरोबर वरून दगडही येतात आणि खालच्या खडकावर शेवाळ असतं. शिवाय ओली जीन्स घालून शेकडो पायऱ्या चढून पाहावं. मांड्या सोलून निघतात. जीन्स नको हे तीनदा सांगूनही एकाने घातलीच. आणि पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज बदलला, तर सामान तिथेच टाकून वर सरकायचं, हे सगळ्यांना सांगून ठेवलं. आपल्या डोक्यावर आकाश निळं असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झालेला असू शकतो.

अत्तर, सेंट, डिओ बंद. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. वासाने किंवा धुराने ते उठलं तर तोंड झाकून पळत सुटायचं, पाण्यात उडी मारायची नाही. मोहोळाच्या आसपास सिगारेटही नको. त्यावर एका काकांचा चेहरा पडला.

सामानाचं फार लिहीत नाही. प्रत्येकी दोन लिटर पाणी, रात्री केलेल्या दशम्या, ठेचा, वाटेत सौंसरला घेतलेली हिरवट संत्री, गुडघ्याला पट्टा, एक शिट्टी. दरीत फोनला रेंज मिळेल हे धरायचंच नाही, म्हणून नियम साधा: वाटाड्याच्या पुढे कोणी नाही आणि शेपटीच्या माणसाच्या मागे कोणी नाही. शेपटीला इंजिनीअरिंगच्या पोरांपैकी सर्वांत दमदार मुलगा ठेवला. आधी त्याला तो अपमान वाटला.

शनिवार

तिकिटं आणि जिप्सीचं काम बायसन लॉजपाशी होतं. कॅप्टन फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा हा जुना बंगला आता संग्रहालय आहे. रांग होती. त्यात एकाचं ओळखपत्र खोलीवर राहिलेलं; ते आणेपर्यंत पाऊण तास गेला. पायऱ्यांच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते, उतरून खाली जाईपर्यंत सव्वादहा. खाली बसायला अर्धा तास उरला.

पोरं चिडली. एवढ्या लांब येऊन अर्धा तास? बाकीचेही हळूच त्यांच्या बाजूने झाले, कारण पाणी खरंच सुंदर होतं आणि अजून गर्दी नव्हती. वाटाड्याही म्हणाला, थोडं थांबलं तर काय होतं. अशा वेळी नियोजकाने वाईट व्हायची तयारी ठेवावी लागते. पावणेअकराला शिट्टी वाजवली.

चढाच्या निम्म्यात काका पायरीवर बसले. चेहरा पांढरा, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. आडवं निजवून पाय पिशवीवर उंच ठेवले आणि जरा हुशारी आल्यावर घोट घोट साखर-मिठाचं पाणी दिलं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही बाटली आधीच तयार होती. छातीत दुखतंय का, हात जड वाटतोय का, हे विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. वीसेक मिनिटांनी रंग परतला. बॅग काढून घेतली आणि दर पंधरा-वीस पायऱ्यांवर थांबत वर आणलं. चढायला सव्वा तास लागला. बाराला सगळे वर होते. उशिरा निघालो असतो तर हाच चढ भर उन्हात, वरून येणाऱ्या गर्दीला वाट देत चढावा लागला असता.

कारण नंतर उलगडलं, आणि सगळ्या प्रकरणातला हाच भाग मला सर्वांत बोलका वाटतो. काकांना रक्तदाबाची गोळी चालू होती, लघवी वाढवणारी. निघण्याआधी भरून घेतलेल्या आरोग्याच्या कागदावर त्यांनी "काही नाही" लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "बीपी तं साऱ्यायलेच असते, त्याले का आजार म्हणायचं?" गोळी सकाळी घेतली, आणि वाटेत पंचाईत नको म्हणून पाणी जवळजवळ प्यायलेच नाहीत. दोन लिटरची बाटली भरलेली वर आली.

मग बाई हळूच म्हणाल्या, "मीही नाही प्यायले." एकेक करत कळलं की गटातल्या बहुतेक बायकांनी सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. कारण एकच: खाली सोय असेल की नाही माहीत नाही. म्हणजे तेरा जणांच्या पाठीवर प्रत्येकी दोन किलो पाणी होतं आणि निम्म्यांनी ते फक्त फिरवून आणलं. माझ्या मते प्रत्येकी किती लिटर हे लिहिण्याआधी शौचालय कुठे कुठे आहे हे आराखड्यात लिहायला हवं. ते कळलं की माणसं आपसूक पितात. जेवायला थांबलो तिथे चौकशी करून पुढच्या वाटेवरची जागा सगळ्यांना सांगितली, आणि दुपारी बाटल्या रिकाम्या झाल्या.

अप्सरा विहारला अकरा जण उतरले. काका आणि काकू जिप्सीपाशी सावलीत थांबले. काकांना तिथपर्यंत यायचं होतं, पण काकूंनी "आता बसा गुमान" म्हटल्यावर विषय संपला. पोरं मनसोक्त भिजली. पाणी इतकं गार होतं की चौदा वर्षांचा तो मुलगा दोन मिनिटांत दात वाजवत बाहेर आला. रजत प्रपाताकडे जायला दगडांवरून जावं लागतं. बाईंनी आणि आणखी दोघींनी नको म्हटलं. वाटाड्या एकच होता, म्हणून आधी तिघींना फाटकाकडच्या सरळ, वर्दळीच्या वाटेला लावून दिलं, आणि मग आठ जण त्याच्याबरोबर पुढे गेले. ऊन धारेवर होतं, पाणी चांदीसारखं लखलखत होतं. झाडात एक शेकरू दिसलं. चारला सगळे गाडीपाशी होते आणि सूर्य मावळायला दीड तासाहून जास्त अवकाश होता.

नंतरची कुरबुर

परतल्यावर गटात दोन मतं राहिली. एक मत: एवढा मोकळा वेळ शिल्लक होता, म्हणजे आराखडा जास्तच सैल होता, धूपगड सहज झाला असता. दुसरं मत काकूंचं, ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यांचा रोख काकांवर होता. काकांनी नागपुरात आल्यावर डॉक्टरांना दाखवलं. लांब चालायच्या दिवशी गोळी कधी घ्यायची हे त्यांनी ठरवून दिलं.

पोरांची तक्रार मला जास्त विचार करायला लावणारी वाटते. तेराच्या तेरा जणांना सर्वांत हळू माणसाच्या वेगाने का चालायला लावलं? दोन वाटाडे घेतले असते तर दोन गट झाले असते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. दुसऱ्या वाटाड्याचा खर्च तेरा जणांत वाटला तर फार पडत नाही. पुढच्या वेळी तसंच करायचं ठरलं आहे, आणि शेपटीचा मुलगा म्हणाला की तो हळूच्याच गटात राहील.

पोरांचा तिकडचा बेत आता थंडीत चौरागडचा आहे. हजारावर पायऱ्या, पण आधी चढ. काकांनी नाव नोंदवायला सांगितलं आहे. कागदावर या वेळी त्यांनी बीपी लिहिलं, आणि खाली काकूंच्या अक्षरात गोळीचं नावही.